पृथ्वीचे वय, नाकाची मापे आणि बुद्धवर्षाचा आकडा

दर रविवारी सकाळी वंदना झाली की आपल्या विहारात लहान मुलांचा धम्मवर्ग भरतो, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. गेल्या वर्षावासातली गोष्ट. सातवीत शिकणारी वस्तीतली एक मुलगी वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, शाळेत बाईंनी सांगितलं की पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, यात नवीन काय, आमच्या पुराणात चारशे बत्तीस कोटी आधीच लिहून ठेवलंय. आणि माझ्या मैत्रिणीचे पप्पा चर्चमध्ये जातात, ते म्हणतात सहा हजार. मग आपल्या धम्मात किती लिहिलंय?"

खोटं कशाला सांगावं, आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. 'पुढच्या रविवारी सांगतो' म्हणून वेळ मारून नेली.

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी समितीने आम्हाला 'धम्म आणि विज्ञान' असा विषय दिला, तेव्हा तीच मुलगी डोळ्यांपुढे आली. या विषयावर आजवर आम्ही पुष्कळ भाषणे केली. तथागतांचा धम्म विज्ञाननिष्ठ आहे, इतर धर्म अंधश्रद्धेवर उभे आहेत, असे म्हटले की टाळ्या पडतात आणि सभा संपते. पण विज्ञानाला 'मला खात्रीने ठाऊक आहे' असे म्हणण्याचा अधिकार कोठून मिळतो? ईश्वराच्या नावाने सृष्टीचे शास्त्र सांगणारी जी थिऑलॉजी, तिला तो मिळतो का? आणि आपण स्वतः त्या अधिकाराची परीक्षा देतो का? याचा विचार आम्ही तरी नीट केला नव्हता. वाचकहो, पृथ्वीच्या वयाचा इतिहास यासाठी फार चांगला आहे. त्यात दोन्ही पक्षांचे विद्वान आहेत आणि दोन्ही पक्ष चुकलेले आहेत.

इ.स. १६५० मध्ये आयर्लंडमधील आर्माघचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी लॅटिन भाषेत एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी लिहिले की, सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ या वर्षी, २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी झाला. आज हे ऐकून हसू येते. पण हसण्याआधी या माणसाने काय केले ते तरी पाहू. बायबलाच्या आरंभी आदामापासूनच्या वंशावळी आहेत. अमका इतक्या वर्षांचा असताना त्याला तमका मुलगा झाला, अशा. अशर यांनी त्या वर्षांच्या बेरजा केल्या. नुसत्या बेरजेने भागत नाही, आपल्या ओळखीच्या एखाद्या तारखेशी गाठ मारावी लागते. ती गाठ त्यांनी बाबिलोनचा राजा नेबुखद्नेस्सर याच्या मृत्यूशी मारली. इ.स.पू. ५६२ हे त्याच्या मृत्यूचे वर्ष आजचे इतिहासकारही मानतात. जुन्या भाषांचे ज्ञान, अनेक देशांच्या कालगणनांचा अभ्यास, वर्षानुवर्षांची मेहनत असे सगळे त्या ग्रंथामागे होते. अशर भोंदू नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

मग चूक कुठे झाली? बेरजेत नाही. चूक पहिल्या पानावर होती आणि पहिले पान तपासायची मुभाच नव्हती. ग्रंथ ईश्वराचा, म्हणून त्यातला आकडा खरा. आकडा खरा, म्हणून बेरीज खरी. पुढे १७०१ पासून अशर यांची वर्षे इंग्रजी बायबलच्या समासात छापली जाऊ लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांना वाटत राहिले की ४००४ हा आकडा मूळ ग्रंथातच आहे. छापलेल्या समासाची ताकद फार मोठी असते. आमच्यासारख्या स्मरणिकेत लिहिणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

शंभर वर्षांनी फ्रान्समध्ये ब्यूफाँ नावाचा निसर्गाचा अभ्यासक झाला. डोंगर-दऱ्या समुद्राच्या पाण्याने सावकाश घडल्या असे त्याने १७४९ मध्ये लिहिले. पॅरिसच्या सोर्बोन येथील धर्मपीठाने १७५१ साली त्याची विधाने काढून दाखवली आणि जाब विचारला. त्याने निमूटपणे माघारीचा मजकूर लिहून दिला आणि तो १७५३ च्या खंडात छापलाही. पण मनातली शंका काही गेली नाही. पुढे त्याने लोखंडाचे लहान-मोठे गोळे भट्टीत लालभडक तापवले आणि ते हाताला सोसण्याइतके गार व्हायला किती वेळ लागतो हे मोजले. पृथ्वीएवढा गोळा असता तर किती लागला असता, असा हिशेब करून १७७८ मध्ये त्याने सुमारे पंचाहत्तर हजार वर्षे हा आकडा दिला.

हा आकडाही साफ चुकीचा आहे. तरी आम्हाला त्याचे मोल वाटते. अशरचा आकडा खोडायचा तर ईश्वराच्या ग्रंथाविरुद्ध उभे राहावे लागत होते. ब्यूफाँचा आकडा खोडायला एक भट्टी, चार गोळे आणि घड्याळ पुरे.

आता विज्ञानाचा पक्ष घेणाऱ्यांनी जरा सावध व्हावे, कारण पुढची गोष्ट विज्ञानाला शोभा देणारी नाही.

एकोणिसाव्या शतकात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, हे पदार्थविज्ञानातले सर्वांत मोठे नाव होते. १८६२ मध्ये त्यांनी गणित मांडले, की पृथ्वी एकेकाळी वितळलेली होती आणि हळूहळू निवत आली आहे, तेव्हा आजच्या उष्णतेवरून तिचे वय निघते. ते त्यांनी दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षांच्या दरम्यान ठरवले. पुढे ते आकडा आवळत गेले आणि १८९७ मध्ये दोन ते चार कोटींवर आले. त्याआधी १८५९ मध्ये चार्ल्स डार्विनने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. जीवांचा विकास फार सावकाश होतो असे त्याचे म्हणणे. इंग्लंडमधील एका दरीची झीज व्हायला तीस कोटी वर्षे लागली असावीत, असा एक हिशेबही त्याने दिला होता. त्यावर टीका झाली आणि १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीतून त्याने तो काढून टाकला. केल्विनच्या आकड्याने डार्विन अखेरपर्यंत अस्वस्थ राहिला. जमिनीचे थर हातात घेऊन पाहणारे भूगर्भशास्त्रज्ञ म्हणत होते की एवढ्या काळात हे थर बसणे शक्य नाही. पण समोर लॉर्ड केल्विन आणि त्यांचे गणित! बहुतेकांनी मान तुकवली. जवळजवळ चाळीस वर्षे हे चालले. या काळात विज्ञान सोर्बोनच्या धर्मपीठासारखेच वागले, असे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही.

गंमत अशी की त्यांना पहिला खरा धक्का त्यांच्याच माजी सहायकाने दिला. जॉन पेरी याने १८९५ मध्ये दाखवून दिले, की पृथ्वी आतून दगडासारखी स्थिर आहे हे केल्विनचे गृहीतच तपासायला हवे. आतला भाग सावकाश का होईना हलत-वाहत असेल, तर आतली उष्णता सतत वर येत राहते आणि त्याच गणितातून वय शेकडो कोटी वर्षे निघते. केल्विनना ते पटले नाही. आज मात्र मानले जाते की पेरीचेच म्हणणे बरोबर होते.

याच सुमारास, १८९६ मध्ये, किरणोत्सर्गाचा शोध लागला. काही मूलद्रव्ये आपोआप फुटतात आणि उष्णता बाहेर टाकतात, हे केल्विनच्या हिशेबात कुठेच नव्हते. १९०४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तरुण रदरफोर्ड यावर व्याख्यान द्यायला उभा राहिला, तर समोर श्रोत्यांत म्हातारे केल्विन! ते सुरुवातीला डुलक्या घेत होते, पृथ्वीच्या वयाचा विषय निघताच डोळे उघडून बघू लागले, असे रदरफोर्डनेच पुढे सांगितले आहे. त्याने प्रसंगावधान राखले. लॉर्ड केल्विन यांनी 'उष्णतेचा नवा स्रोत सापडला नाही तर' अशी अट घातलीच होती आणि तो स्रोत आता सापडला आहे, असे म्हणून त्याने म्हाताऱ्याचा मानही राखला. (आपल्या वस्तीच्या सभांमध्ये मतभेद सांगताना ही रीत वापरायला हरकत नाही.)

किरणोत्सर्गाचा मोठा उपयोग झाला तो घड्याळ म्हणून. समजा, आपण विहारात आलो आणि मेणबत्ती अर्धी जळालेली दिसली. ती तासाला किती जळते हे माहीत असेल, तर केव्हा लावली हे सांगता येते. पण कोणी म्हणेल, मध्येच विझवून पुन्हा लावली नसेल कशावरून? मग शेजारी वेगळ्या गतीने जळणारी दुसरी मेणबत्ती असेल आणि दोघींचे उत्तर एकच येत असेल, तर खात्री वाढते. युरेनियमच्या अशा दोन जाती आहेत. एक जात सुमारे ४४७ कोटी वर्षांत निम्मी होते, दुसरी सुमारे ७० कोटी वर्षांत, आणि दोन्हींपासून शिसेच तयार होते, पण वेगवेगळ्या वजनाचे. खडकातले शिसे मोजले की दोन्ही घड्याळे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

आर्थर होम्स या एकवीस वर्षांच्या इंग्रज पोराने १९११ मध्ये अशी वये प्रसिद्ध केली. त्यात सर्वांत जुना निघालेला खडक आपल्या शेजारच्या सिंहलद्वीपाचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा होता. वय १६४ कोटी वर्षे. केल्विनचे दोन-चार कोटी कुठल्या कुठे राहिले. ही मापे तेव्हा बरीच कच्ची होती आणि ती पुढे दुरुस्त होत गेली.

शेवटचा टप्पा अमेरिकेतला. क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने विचार केला की पृथ्वीचे सर्वांत पहिले दगड आता जसेच्या तसे सापडणार नाहीत, पण तिच्याबरोबरच घडलेल्या उल्का तर सापडतात! अ‍ॅरिझोनातील प्रचंड विवराजवळ पडलेल्या लोखंडी उल्केत युरेनियम जवळजवळ नव्हते, म्हणजे तिच्यातले शिसे अगदी आरंभीचे, न बदललेले. त्याच्याशी इतर उल्कांमधले आणि पृथ्वीवरच्या समुद्रतळाच्या गाळातले शिसे ताडून त्याने वय काढले. ४५५ कोटी वर्षे, चूक असलीच तर सात कोटी इकडे किंवा तिकडे. हा निबंध प्रसिद्ध झाला १९५६ साली. ज्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला धम्म दिला, तेच वर्ष. यात काही संकेत वगैरे शोधू नये, हा निव्वळ योगायोग आहे. आम्हाला तो आवडला इतकेच. त्यानंतर चंद्रावरचे दगड आले, नवी यंत्रे आली, कितीतरी प्रयोगशाळांनी मोजले, आणि आकडा ४५४ कोटींच्या आसपासच राहिला.

पॅटरसनच्या निबंधात आम्हाला सर्वांत मोलाचा भाग ४५५ हा वाटत नाही, सात कोटींचा वाटतो. 'मी इतका चुकलेला असू शकतो' हे आकड्याबरोबरच छापण्याची पद्धत अशर यांच्या ग्रंथात नव्हती आणि केल्विनच्या बोलण्यातूनही ती पुढे पुढे नाहीशी झाली.

याच पॅटरसनची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मोजमाप करताना त्याच्या नमुन्यांत बाहेरचे शिसे सारखे मिसळायचे. शोध घेता घेता त्याच्या लक्षात आले की हवेत, धुळीत, माणसांच्या अंगात सगळीकडे शिसे भरले आहे, आणि ते येते मुख्यतः पेट्रोलमधून. १९६५ मध्ये त्याने हे उघडपणे मांडले. शिसे बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर काम करणारे शास्त्रज्ञ तेव्हा सांगत होते की काळजीचे काही कारण नाही. त्यांच्याकडेही पदव्या होत्या, तक्ते होते. पॅटरसनची मदत तोडली गेली, त्याला समित्यांतून वगळले गेले. तरी मोजमाप त्याच्या बाजूने होते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि २०२१ मध्ये जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जेरियाने, शिशाचे पेट्रोल बंद केले. तेव्हा विज्ञानाचा कोट घातलेला प्रत्येक माणूस विज्ञान बोलतोच असे नाही. तो कोणाच्या पगारावर बोलतो, तेही पाहावे.

आता शेजारच्या काकूंच्या ४३२ कोटींकडे येऊ. त्यांचा आकडा खोटा नाही, पुराणांत तो आहेच. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, आणि कल्प ४३२ कोटी वर्षांचा. ४५४ च्या किती जवळ! पण त्याच गणितानुसार चालू कल्पातील फक्त १९७ कोटी वर्षे आजवर सरली आहेत. म्हणजे सृष्टीचे वय म्हणून जो आकडा घ्यायला हवा तो १९७ आहे, आणि त्याचे नाव कोणी काढत नाही. शिवाय ४३२ कोटी कोणत्या दगडावरून मोजले? तर कोणत्याच नाही. कलियुगाची ४ लाख ३२ हजार वर्षे, त्याच्या दहापट महायुग, त्याच्या हजारपट कल्प, असे ते गुणाकार आहेत. शाळेत गणिताचे उत्तर जुळले पण रीत नसली तर मास्तर मार्क देतात का? उत्तर कुठून आले हे विचारतातच.

काकूंना हे सांगणे सोपे आहे. कठीण आहे ते आपल्या घरात सांगणे. आपल्याकडेही कल्प आहे. कल्प केवढा असतो, असे एका भिक्खूने विचारल्याची कथा संयुत्त निकायात येते. तथागतांनी वर्षे सांगितली नाहीत. एक योजन उंच-रुंद असा सलग दगडी डोंगर घ्या, शंभर वर्षांतून एकदा कोणी काशीच्या तलम वस्त्राने त्याला स्पर्श करून जाईल, तर तो डोंगर झिजून जाईल पण कल्प सरणार नाही, अशी उपमा दिली. फार सुंदर उपमा आहे. उद्या कोणी उत्साही उपासक म्हणेल, पाहा, झिजेचे भूगर्भशास्त्र बुद्धांनी आधीच सांगितले! तर त्यालाही मार्क मिळणार नाहीत. ती उपमा जन्ममरणाच्या दीर्घ फेऱ्याबद्दल आहे, खडकांबद्दल नाही. आणि जग शाश्वत आहे की अशाश्वत, असे मालुंक्यपुत्ताने हट्टाने विचारले तेव्हा तथागतांनी त्याला उत्तर देणे नाकारले. बाण लागलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचे कुळ आणि गोत्र कळेपर्यंत तो उपटू द्यायचा नाही म्हटले तर काय होईल, असा दृष्टान्त मात्र दिला.

म्हणजे त्या मुलीला द्यायचे उत्तर इतके सोपे होते. आपल्या धम्मात किती लिहिलंय? लिहिलेलंच नाही, बाळ. जे मोजता येईल ते मोजणाऱ्यांना विचार.

पण सगळेच मोजणाऱ्यांना विचारता येते का? इथे आपल्या समाजाचा अनुभव फार कडू आहे. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ली याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या लोकांच्या नाकांची मापे घेतली. नाक जितके रुंद तितका माणूस सामाजिक उतरंडीत खाली, असा नियमच त्याने मांडला, आणि १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख म्हणून त्या मताला सरकारी वजनही मिळवून दिले. हे विज्ञान म्हणून छापले गेले! पोथीने सांगितले होते की तुम्ही पायापासून जन्मला, आणि आता फूटपट्टीवालाही तेच म्हणू लागला.

बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी फूटपट्टी फेकून दिली नाही. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी तीच नाकाची मापे, डॉ. घुर्ये यांनी प्रांतवार दिलेली, पुन्हा मांडली आणि दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या मापांवरून ते वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड. ज्या पुराव्यावर आपल्याला खाली लोटले त्याच पुराव्याने त्यांनी तो नियम मोडला. पोथीशी असा वाद घालता येत नाही. पोथीतील श्लोकाला तुम्ही दुसरा श्लोक दाखवू शकता, पण श्लोक चुकला आहे असे म्हणता येत नाही. म्हणून तर १९२७ साली महाडला २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळावी लागली.

तरीही एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. समजा, मापे वेगळी आली असती तर? मग अस्पृश्यता न्याय्य ठरली असती का? मुळीच नाही. माणसाला माणूस म्हणून वागवावे की नाही, हे नाकाच्या मापावर किंवा शिशाच्या वजनावर ठरत नाही. विज्ञानाची हद्द इथे संपते, हे कबूल केले पाहिजे. चर्चचे आणि देवळाचे लोक म्हणतात, इथूनच आमचे ज्ञान सुरू होते. पण या देशात त्या ज्ञानाने हजारो वर्षे आपल्याला काय सांगितले? पूर्वजन्मीचे भोग आहेत, भोगा. कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपण भाषणात नेहमी अर्धेच सांगतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, इथे थांबतो. पुढचा भाग असा आहे, की कोणत्या वागण्याने आपले आणि दुसऱ्याचे अहित होते, कोणत्याने हित होते, हे स्वतः पाहा आणि मग सोडा किंवा धरा. अस्पृश्यतेचा निकाल त्या कसोटीवर लागतो. ज्याच्या अंगावर ती आली त्याचे दुःख हाच तिथला पुरावा, आणि तो पाहायला कोणाच्या प्रकट झालेल्या वचनाची गरज नाही.

आता अखेर आपल्या भिंतीवरच्या पाटीकडे वळू. विहारात शिरताना डाव्या हाताला जी पाटी आहे तिच्यावर इसवी सनाखाली बुद्धवर्ष लिहिलेले असते. ते सिंहली परंपरेनुसार, म्हणजे महापरिनिर्वाण इ.स.पू. ५४४ मध्ये झाले असे धरून. त्याच हिशेबाने १९५६ मध्ये अडीच हजारावी बुद्धजयंती साऱ्या जगात साजरी झाली आणि आपली धम्मदीक्षाही त्याच वर्षी झाली. हा आकडा आपल्या मनात किती खोल गेला आहे, हे वेगळे सांगायला नको.

हा आकडा तपासता येतो, आणि तपासण्याचे साधन सम्राट अशोकानेच कोरून ठेवले आहे. त्याच्या तेराव्या शिलालेखात त्याच्या वेळच्या पाच ग्रीक राजांची नावे आहेत, अंतियोक, तुरमय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुंदर. या राजांचे काळ ग्रीक इतिहासावरून ठाऊक आहेत. त्यावरून अशोकाचा राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या आसपास पडतो. सिंहली महावंसात लिहिले आहे की अभिषेक परिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी झाला. बेरीज करा, ४८६ येते. ५४४ येत नाही. सुमारे साठ वर्षांची तफावत. उत्तरेकडील बौद्ध परंपरा तर म्हणते की अशोक परिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनीच झाला. १९८८ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेन येथे जगभरचे अभ्यासक याच प्रश्नासाठी जमले होते. आज पुष्कळ विद्वान परिनिर्वाण इ.स.पू. ४०० च्या आगेमागे धरतात. एकमत अजून नाही.

म्हणून महावंस टाकाऊ ठरतो का? अजिबात नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने अशोकाची ब्राह्मी लिपी वाचली तेव्हा शिलालेखातला 'देवानंपिय पियदसि' कोण, हे कोणालाच कळत नव्हते. श्रीलंकेत नोकरीला असलेल्या जॉर्ज टर्नरने तिथल्या भिक्खूंनी जपलेल्या पाली ग्रंथांतून दाखवले की तो अशोक. आणि १९१५ मध्ये रायचूरजवळ मस्की येथे दगडावरच 'अशोक' हे नाव सापडले. ग्रंथाने सांगितले, दगडाने साक्ष दिली. धर्मग्रंथातही खरी माहिती असते; फक्त ती ग्रंथात आहे म्हणून खरी ठरत नाही. (अशोकाचा लेख पाहायला लांब जायला नको. नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडलेला आठव्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुलांची सहल तिथे न्यावी, अशी आमची जुनी सूचना आहे.)

२०१३ मध्ये बातमी आली की लुंबिनीला मायादेवी मंदिराखाली लाकडी बांधकामाच्या खुणा सापडल्या आणि त्यांचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत मागे जातो. काळ काढला होता कोळशातल्या कार्बनच्या किरणोत्सर्गावरून, म्हणजे पॅटरसनच्याच घराण्यातले घड्याळ. वस्तीत किती आनंद झाला होता! पुढे काही अभ्यासकांनी विचारले की, ते वृक्षपूजेचे बुद्धपूर्व ठिकाण नसेल कशावरून? ती शंका मात्र आपल्यापैकी कोणी फलकावर लिहिली नाही. आम्हीही नाही लिहिली.

बाबासाहेबांनी आपल्यासाठी वेगळा धडा घालून दिला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी आपल्या परंपरेला प्रश्न विचारले आहेत. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही कथा बुद्धीला पटत नाही असे त्यांनी स्पष्ट म्हटले. आणि बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या सांगताना लिहिले, की ज्याबद्दल तथागतांना खात्री होती ते त्यांनी निश्चितपणे सांगितले, आणि ज्याबद्दल नव्हती तिथे केवळ तात्पुरते मत दिले. पॅटरसनच्या सात कोटींची आठवण आम्हाला इथे झाली.

हे सारे आम्ही टप्प्याटप्प्याने चार रविवार वर्गात सांगितले. चौथ्या रविवारी त्याच मुलीने विचारले, "मग गुरुजी, आपली पाटी चुकलीये का?" मागे पाठ टेकून बसलेल्या आजी, ज्या १९५६ ला दहा वर्षांच्या असताना आईचं बोट धरून दीक्षाभूमीवर गेल्या होत्या, त्या आमच्याआधीच बोलल्या. "पाटी चुकू दे की गं. मी त्या दिवशी पांढरा परकर घालून गेले होते, ते तर खरं ना?"

पाटीवर बुद्धवर्षाच्या पुढे 'सिंहली परंपरेनुसार' एवढे दोन शब्द घालावेत, असा ठराव आम्ही समितीपुढे मांडला आहे. दोघांचा विरोध आहे. त्यांचे म्हणणे, बाहेरचे लोक हसतील. पेंटरने पाटी पूर्ण नव्याने रंगवावी लागेल म्हणून सांगितले आहे. विषय पुढच्या बैठकीत पुन्हा घ्यायचा ठरला आहे.